उजवी बाजू बघ, मग डावी

महिन्यापूर्वी एका टेम्पोनं मुक्ताची चंदेरी सेडान मागून, डाव्या बाजूला ठोकली. आज ती गॅरेजमधून ताब्यात घ्यायची आहे. सोबत मामा आलेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांनी पस्तीस वर्षं डेंटिंग केलं.

मुक्ता : मामा, चकाचक झालीय की! कुठं ठोकली होती ते कळतसुद्धा नाही.

मामा : पॉलिशनं कुठलीही गाडी चकाचक होते. आधी शेडमधून उन्हात काढायला सांग. ट्यूबलाइटखाली चंदेरी रंग भल्याभल्यांना फसवतो.

मुक्ता : काढली. रंग तर सगळीकडे सारखाच आहे.

मामा : समोरून नाही कळायचं. मागच्या चाकापाशी वाक आणि पत्र्याच्या अंगानं पुढच्या दाराकडं बघ.

मुक्ता : अरेच्चा, मागचा भाग जरा काळपट वाटतोय.

मामा : मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात. फवारताना ते कसे बसतात, त्यावर शेड फिरते. डब्यावरचा नंबर तोच असला तरी. म्हणून चांगला पेंटर रंग एका पॅनेलवर तोडत नाही, शेजारच्या दारावर विरळ करत नेतो. ह्यानं सरळ कागद चिकटवून मारलाय. काचेचं रबर थोडं उचल.

मुक्ता : नखाला कड लागतेय.

मामा : ती टेपची रेघ. रबर काढून मारला असता तर आली नसती. पण हे दिसण्यापुरतं झालं, गाडीला त्याचा धोका नाही. पुढचं बघू. पर्समध्ये एटीएमसारखी कार्डं किती आहेत?

मुक्ता : सात. कशाला?

मामा : पाच कार्डं एकावर एक ठेवली की जवळजवळ चार मिलिमीटर होतात. आधी उजवीकडं, डिकी आणि पत्र्याच्या फटीत धर. त्या बाजूला मार लागला नाही, तेव्हा तेच आपलं माप.

मुक्ता : पाच बसतात. वर, खाली, सगळीकडं.

मामा : आता डावीकडं.

मुक्ता : वर तिनातच अडतंय. खाली सहा जातात!

मामा : म्हणजे पत्रा पुरता ओढलेला नाही. रंगाचा दोष परत फवारून निघतो, हा तसा नाही निघत. मशीनला लावून आतला सांगाडा जागेवर आणायला हवा होता. बिजागऱ्या ढिल्या करून डिकी कशीबशी बसवलीय. बिजागरीचे बोल्ट बघ, कोपऱ्यांवरचा रंग उडालाय. पाना लागल्याची खूण. नुसता पाना लागला म्हणजे चोरी नव्हे हं, पण फट वाकडी असताना लागला असेल तर विचारायचं.

मुक्ता : आणि पुटी? सगळे म्हणतात, पुटी भरली की गाडी गेली.

मामा : उगाच. पत्रा ठोकून-ओढून जवळपास जागेवर आला, की उरलेलं खोलगटपण पुटीनंच भरतात. मीही आयुष्यभर भरली. खड्डा न काढता तसाच भरला, की मग ती पुढं तडकते, कडेनं सुटते. हे चुंबक घे. रुमालात गुंडाळून पत्र्यावर फिरव. बंपरवर नको, तो प्लास्टिकचा.

मुक्ता : चाकाच्या वर धरतच नाही!

मामा : तिथं थर जाड आहे. मीटर लावला असता तर आकडाच मिळाला असता. कंपनीचा रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉन असतो. दुसऱ्यांदा रंगवलेला दोनशे-तीनशेच्या घरात जातो. हजाराच्या वर गेला, की खाली पुटी धरायची.

मुक्ता : अजून काही राहिलं?

मामा : खरं तर तिथूनच सुरुवात करायला हवी होती. डिकीतला गालिचा उचल, स्टेपनी बाहेर काढ. जोडावरचं सीलंट बघ.

मुक्ता : उजवीकडं सलग, सारखं आहे. डावीकडं बोटानं फासल्यासारखं. मध्येच संपलंय.

मामा : ए पोरा, डिकी लाव आणि पाइपनं पाच मिनिटं पाणी मार. मुक्ता, तोवर एक सांगतो. विम्याचं सॅटिस्फॅक्शन व्हाउचर पुढं करतील, त्यावर आज सही करू नकोस. त्या सहीचा अर्थ एवढाच, की काम बघून तुझं समाधान झालं. व्हील अलाइनमेंटचा छापील कागदही माग.

पोरानं पाणी बंद केलं, डिकी उघडली. मामांनी मोबाइलचा टॉर्च लावला. स्टेपनीच्या खड्ड्यात डाव्या जोडाखाली वाटीभर पाणी साठलं होतं.

मामा : किल्ली त्यांच्याकडंच राहू दे. आपण रिक्षानं जाऊ.