औषधाला गाठीचा पत्ता कोण सांगतं?

प्रश्न : आईला स्तनाच्या कॅन्सरसाठी लाल रंगाचं औषध सलाईनमधून देतात. त्याचंच 'नॅनो' औषध थेट गाठीवर जातं म्हणे. त्याला गाठ सापडते कशी? आणि आमच्याकडच्या हळदीचंही नॅनो औषध निघालंय, हे खरं का?
— एक वाचक, पुसेगाव (जि. हिंगोली)

उत्तर : सापडत नाही. 'थेट जातं' हे बोलण्यापुरतं.

लाल औषध म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन. गाठीला मारतं, पण हृदयालाही दुखावतं. नॅनो प्रकारात तेच औषध स्निग्ध पदार्थाच्या सुमारे 100 नॅनोमीटरच्या पिशव्यांत भरतात; तांबड्या पेशीच्या रुंदीत अशा 70 पिशव्या ओळीनं मावतील. निरोगी रक्तवाहिनीतून ही पिशवी सहसा बाहेर पडत नाही, म्हणून हृदय बरंचसं वाचतं. गाठीच्या रक्तवाहिन्या मात्र घाईत वाढलेल्या, फटी राहिलेल्या. हळदीच्या वावरात उंदरानं ठिबकची नळी कुरतडली की पाणी तिथंच मुरतं, तसं औषध तिथं झिरपतं. जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी हे 1986 मध्ये मांडलं. 1995 मध्ये अमेरिकेत असं पहिलं औषध, डॉक्सिल, मंजूर झालं. 2012 मध्ये तिथं त्याचाच तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स तात्पुरतं मागवावं लागलं!

आता कौतुकाला थोडा आवर. दहा वर्षांतले, मुख्यतः उंदरांवरचे प्रयोग 2016 मध्ये एकत्र तपासले, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेला मध्यक वाटा निघाला 0.7 टक्के. बरेचसे यकृत आणि प्लीहाच अडवतात. त्यामुळे माझ्या मते या औषधाची खरी कमाई नेमबाजी नव्हे, हृदयाची राखण. त्याचीही किंमत आहेच : तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. आईला साधं डॉक्सोरुबिसिन दिलं म्हणजे हलक्या प्रतीचं दिलं, असं समजू नका.

हळदीचं म्हणाल, तर तिच्यातलं कर्क्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. आतड्यातून थोडंच शोषलं जातं आणि यकृत तेही लगेच मोडून टाकतं. म्हणूनच ते नॅनोकणांत गुंडाळून पाहण्याचे प्रयोग चालू आहेत. मात्र तो कॅन्सरवरचा मान्य उपचार नाही. केमो चालू असताना कर्क्युमिनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. भाजीतली हळद आहे तेवढी राहू द्या.