सवाई माधवराव आणि नाना : एका चित्राचे वाचन

स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याने १७९२ साली पुण्यात सवाई माधवराव पेशवे व नाना फडणीस यांचे एकत्र तैलचित्र रंगवले. मूळ चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. आपल्याला ते छापील पुस्तकांतून भेटते. चित्रातल्या खुणा आणि भाव वेगवेगळे कसे वाचावेत, याचा अभ्यास करण्यास ते फार उपयोगी आहे.

प्रथम खुणा पाहू. पेशवे आणि नाना बैठकीवर बसले आहेत, सेवक मागे उभे आहेत. एवढे कळायला मोठे कलाशास्त्र लागत नाही. आमच्या पोलादपूरकडे गावकीत कोण तक्क्याला टेकून बसला आणि कोण दाराशी उभा राहिला, यावरून ज्याचा त्याचा मान कळतो. पेशव्यांच्या अंगावर मोत्यांचे अलंकार आहेत. नाना कृश आणि साधे दिसतात. दागिने धन्याचे, पण कारभारी त्याच्या अगदी शेजारी. सत्ता कुठे होती हे या बैठकीतूनच उमगते.

भावाचे वाचन मात्र अवघड आहे. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, म्हणजे आपल्याच वयाचे होते. त्यांच्या चेहऱ्यावर उदासी आहे, असे पाहणाऱ्याला सहज वाटते. परंतु १७९५ साली शनिवारवाड्यातून पडून त्यांचा अंत झाला, हे आपल्याला ठाऊक आहे; वेल्सला कुंचला हाती घेताना ते ठाऊक असणे शक्य नव्हते. मग ही उदासी चित्रातली की आपल्या मनातली?

यासाठी एक कसोटी सुचवावीशी वाटते. चित्राखालची नावे हाताने झाकावीत. त्यानंतरही जे उरते, ते चित्राचे : वयातले अंतर, थाट आणि साधेपणा, जवळ बसूनही जाणवणारी औपचारिकता. जे नाहीसे होते, ते इतिहासाने आपल्या डोळ्यांत घातलेले.

ही कसोटी आपण महाडकरांनी विशेष जपली पाहिजे. १७९६ साली हेच नाना पुणे सोडून महाडात आले आणि येथूनच त्यांनी आपले गाजलेले कारस्थान जुळवले. त्यांच्या चेहऱ्यात तो धूर्तपणा शोधण्याचा मोह आपल्याला होणारच. पण कृश चेहरा म्हणजे कपटी चेहरा नव्हे. इतिहास जरूर जाणावा. मात्र चित्र काय सांगते ते आधी ऐकावे. माणसांच्या बाबतीतही हाच क्रम न्यायाचा ठरेल.