गाडीवरचा पोचा घरी काढावा का? आधी हिशोब मांडा

पार्किंगमध्ये शेजारच्या दुचाकीचं हँडल लागतं आणि दरवाजावर वाटीएवढा पोचा पडतो. गॅरेजमध्ये दाखवला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: ‘अख्खं पॅनल रंगवावं लागेल.’ बाहेरच्या गॅरेजात एका पॅनलच्या डेंटिंग-पेंटिंगला साधारण अडीच ते पाच हजार रुपये पडतात. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चार ते आठ हजार धरून चला, पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा. गाव आणि गाडीप्रमाणे हे आकडे खालीवर होतात. या बिलातला मोठा वाटा रंगकामाचा असतो, पत्रा सरळ करण्याचा कमी. म्हणून आधी रंग शाबूत आहे का ते पाहा. पोच्यावरून हलकेच नख फिरवा, मोबाइलची बॅटरी तिरकी धरा. नख कुठे अडकलं किंवा केसासारखी रेघ दिसली, तर रंग तडकलाय. मग घरचा उपाय सोडून द्या.

रंग शाबूत असेल, पोचा उथळ आणि गोलसर असेल आणि पॅनलच्या मध्यावर असेल, तरच हात घालावा. कडेला, बॉडीलाइनवर किंवा धारदार घडी पडलेल्या जागी पत्रा ताणला गेलेला असतो. तो नुसता ओढून पूर्वीसारखा बसत नाही. दरवाजाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. जोर चुकला की पोच्याच्या जागी उंचवटा येतो, आणि तो बसवणं जास्त अवघड.

सगळ्यात स्वस्त काम प्लास्टिकच्या बंपरचं. नुकतं उकळलेलं दोन-तीन लिटर पाणी पोच्यावर सावकाश ओता, जाड हातमोजे घालून आतून दाबा, जागेवर आला की लगेच गार पाणी टाका. खर्च गॅसचा तेवढा. मात्र बंपरला चीर असेल किंवा पोच्याच्या मागे सेन्सर असेल, तर हा प्रयोग नको. पूर्वी पुन्हा रंगवलेल्या बंपरवर वरचा रंग तडकू शकतो, हेही लक्षात ठेवा. हाच उपाय पत्र्यावर चालेल या आशेने लोक हेअर ड्रायर आणि बर्फ घेऊन बसतात. पत्र्याला जोर लावावाच लागतो. त्या खटाटोपात वेळ घालवू नका.

पत्र्यासाठी दोन साधनं आहेत. मोठ्या, उथळ पोच्याला रबरी सक्शन कप, दोनशे ते पाचशे रुपये. लहान पोच्यावर कप धरत नाही. तिथे ग्लू पुलर लागतो. पत्रा ओढणारा ब्रिज आणि पोच्यावर चिकटवायचे टॅब असलेला किट सातशे ते पंधराशे, ग्लू गन तीनशेच्या आसपास, आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली दोनशेची. म्हणजे सगळं मिळून दोन हजारांच्या आत.

जागा अल्कोहोलने पुसा, गरम गोंद लावलेला टॅब पोच्याच्या बरोबर मध्यावर चिकटवा, गोंद गार होऊ द्या आणि ब्रिजची चकती थोडी थोडी फिरवा. समोर ट्यूबलाइट असू द्या. पत्र्यावरचं तिचं प्रतिबिंब पोच्यापाशी वाकलेलं दिसतं; ते किती सरळ झालं हे पाहतच पुढचा टॅब लावायचा. कडेने उंचवटा आला, तर प्लास्टिकच्या टॅपरने अगदी हलके ठोके द्या. शंभर टक्क्यांचा हट्ट धरू नका, पोचा सहज नजरेत येईनासा झाला की थांबा. टॅब उपटू नका, कडेने अल्कोहोलचे थेंब सोडले की तो आपोआप सुटतो.

जुनी घेतलेली गाडी असेल, तर किट लावण्याआधी मऊ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक पॅनलवरून फिरवा. इतरत्र घट्ट धरणारं चुंबक एखाद्या जागी ढिलं पडलं, तर तिथे पुट्टी भरून रंग मारलेला आहे. अशा जागी ग्लू पुलर रंगाचा पापुद्राच ओढून काढतो.

पोचा एकच असेल, तर माझ्या मते किट घेण्यापेक्षा पीडीआर, म्हणजे रंग न लावता पोचा काढणारा कारागीर बोलवावा. तो आतून सळईने पत्रा उचलतो, लहान पोच्याला साधारण हजार ते अडीच हजार घेतो. मुंबई-पुण्यात असे कारागीर घरी येतात. सोसायटीत चार-पाच गाड्या असतील, तर किट सामायिक घेणं परवडतं.

विम्याचा दावा करण्याआधी कागद-पेन घ्या. १५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये आपल्या खिशातून जातात, त्यावरच्या इंजिनला २०००. शिवाय नो क्लेम बोनस शून्यावर येतो. समजा, ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ९००० आहे आणि पुढच्या नूतनीकरणाला ४५ टक्के सूट मिळणार होती. चार हजारांच्या बिलासाठी दावा केलात, तर जास्तीत जास्त तीन हजार हाती येतात आणि पुढच्याच वर्षी ४०५० रुपयांची सूट जाते. त्यानंतरही शिडी २० टक्क्यांपासून चढायची. बोनस राखण्याचं ॲड-ऑन घेतलं असेल, तर गणित बदलतं. पॉलिसी एकदा नीट वाचा.

रंग उडून पत्रा उघडा पडला असेल, तर पोचा राहू द्या, पण गंज थांबवा. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर पावसाळ्याची वाट पाहूच नका. टचअप पेन तीनशे ते आठशे रुपयांत मिळतं. रंगाचा कोड बहुतेक गाड्यांत दरवाजाच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. त्याचा फोटो काढून दुकानात न्या. नुसतं ‘पांढरा’ सांगून पेन घेतलं, तर छटा जुळत नाही.