जशी आहे तशी

मित्रांनो, मी पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. त्यामुळे मराठीत लेख लिहायचा म्हटलं की व्हायव्हापेक्षा जास्त घाम फुटतो. तरीही मराठीतच लिहितोय, कारण या मॅगझिनचा मराठी विभाग माझे आजोबा घरी चष्मा लावून वाचतात, आणि हा लेख म्हणजे एका अर्थी त्यांची मागितलेली माफी आहे.

आधी गुन्हा कबूल करतो. आजोबांकडे लॅम्ब्रेटा होती. डिझाइन इटलीचं, बांधणी मुंबईची. फर्स्ट इयरच्या सुट्टीत मी आणि माझ्या रूममेटने ती 'रिस्टोअर' केली. म्हणजे सँडपेपरने घासून कंपनीचा रंग उतरवला, झिजलेल्या पट्ट्या भंगारात दिल्या आणि चकाचक लाल रंग मारला. आजोबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान झालीय रे. पण माझी कुठे गेली?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. ते मिळालं गेल्या वर्षी, मामाच्या फोनमुळे.

मामा मिलानजवळ नोकरीला असतो. त्याच लॅम्ब्रेटावर तो गाडी शिकला. म्हणाला, "अरे, बरीच वर्षं पैसे साठवलेत. गुत्सी ल मॉन्स घ्यायची आहे. तू मेकॅनिकलवाला. एकीची वाट लावलीस, आता दुसरी वाचव!"

थोडी ओळख करून देतो. मोटो गुत्सी ही १९२१ साली स्थापन झालेली कंपनी (आपल्या विंगमध्ये सगळे 'गुझी' म्हणतात, ते चूक). कारखाना कोमो सरोवराच्या काठी, मांदेल्लो देल लारिओ या गावात. ८५० ल मॉन्स हे मॉडेल १९७६ साली बाजारात आलं. इंजिन ८४४ सीसी, दोन सिलेंडर ९० अंशांच्या 'व्ही'मध्ये गाडीच्या दोन्ही बाजूंना बाहेर डोकावणारे. मागच्या चाकाला चेन नाही, शाफ्ट. फ्रेम लीनो तोन्ती या इंजिनिअरची. ब्रेकची गंमत म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की मागची डिस्क आणि पुढची एक डिस्क दोन्ही एकदम लागतात.

मामाने दोन गाड्या शोधल्या होत्या. एक नव्यासारखी चमकणारी. दुसरी एका म्हाताऱ्या गृहस्थांची. रंग फिका, सीट पुढून फाटलेली, पण कोणी हात न लावलेली. इटलीत अशा गाडीला 'कोन्सेर्वातो' म्हणतात, म्हणजे जतन केलेली. शनिवारी संध्याकाळी मेसला दांडी मारून मी व्हिडिओ कॉलवर बसलो. आम्ही जे तपासलं ते क्रमाने देतो, कुठल्याही जुन्या गाडीला उपयोगी पडेल.

१) रंग. चमक बघू नका, कडा बघा. चमकणाऱ्या गाडीत वायरच्या रबरी बुशवर लाल रंगाचे शिंतोडे होते. कारखान्यात रंग आधी, रबर नंतर! म्हणजे रंग पुन्हा मारलेला. टाकीवर कागद ठेवून लहान लोहचुंबक फिरवलं. एका ठिकाणी ते धरेना. खाली पुटीन भरलेलं होतं.

२) नंबर. त्याच गाडीच्या फ्रेमवर नंबरच्या आसपासचा पत्रा घासून गुळगुळीत केलेला. इथेच मी मामाला म्हणालो, "निघ." इंजिन आणि फ्रेमचा नंबर एकच पाहिजे असं बरेच जण सांगतात, पण गुत्सीत ते सहसा कारखान्यातूनच वेगळे असत. नंबर कागदपत्रांशी जुळला पाहिजे आणि त्याच्याशी खेळ झालेला नसावा.

३) झीज. किलोमीटर खोटे दाखवता येतात, पण पायाखालचं रबर, पेडल आणि मूठ यांची झीज एकमेकांशी जुळलीच पाहिजे. म्हाताऱ्या गृहस्थांच्या गाडीत ती जुळत होती. स्क्रूची डोकीही शाबूत, म्हणजे अडाणी पान्याने कोणी खोललेली नाही. आणि ती फाटलेली सीट? पहिल्या ल मॉन्सची सीट एका साच्यात ओतलेल्या फोमची होती आणि ती फाटायचीच. फाटकी असणं हाच तिच्या मूळ असण्याचा पुरावा!

४) बोअर. मटेरियल सायन्सच्या सरांनी इथे लक्ष द्यावं. या इंजिनाचे सिलेंडर अॅल्युमिनियमचे, आत हार्ड क्रोमचा थर. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की क्रोममधल्या बारीक भेगांतून ओल अॅल्युमिनियमपर्यंत पोचते, गंज धरतो आणि क्रोमचे पापुद्रे सुटतात. ते ऑइलमध्ये गेले की बेअरिंगची वाट. लोहचुंबकाने हे कळत नाही, कारण क्रोम त्याला चिकटत नाही. म्हणून प्लग काढून मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा आत सोडला. डावा सिलेंडर आरशासारखा. उजव्यात वरच्या बाजूला नखाएवढा थर उडालेला.

मामाचा चेहरा पडला. माझाही. पण मग लॅम्ब्रेटा आठवली आणि उत्तर सापडलं. गाडीत दोन प्रकारच्या गोष्टी असतात. टायर, ब्रेकचे पाइप, सील, बॅटरी, बोअर-पिस्टन हे झिजण्यासाठीच असतं. ते बदलायलाच हवं, नाहीतर जीव जायचा. (टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे बघा. १४०३ म्हणजे २००३ सालचा चौदावा आठवडा. नक्षी कितीही छान असली तरी असा टायर बाद.) पण रंग, स्टिकर, घासलेल्या कडा या गाडीच्या आठवणी. त्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. बोअर नवा मिळतो, निकासिलचा थर असलेला. पन्नास वर्षांचा फिका रंग नवा मिळत नाही.

मामाने नव्या सिलेंडरचा खर्च किमतीतून वजा करून मागितला. त्या गृहस्थांनी थोडी घासाघीस केली आणि हो म्हणाले. जुने सिलेंडर मामाने फेकले नाहीत, खोक्यात नाव घालून ठेवलेत.

आपल्याकडेही केंद्र सरकारने २०२१ साली व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनं वाहन, पण मूळ रूपात ठेवलेलं, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसलेलं, अशी अट आहे. म्हणजे जे मला आजोबांच्या एका वाक्याने शिकवलं, ते आता कायद्यातही आहे.

गाडी घरी आल्यावर मामाने आजोबांना व्हिडिओ कॉल लावला. आजोबा बराच वेळ बघत होते. मग विचारलं, "रंग पहिलाच आहे ना?"

"हो, अण्णा."

"मग फडकंसुद्धा जोरात मारू नकोस. आणि याला हात लावू देऊ नकोस."

'याला' म्हणजे मला. तेव्हा मित्रांनो, सुट्टीत घरी जाल, गोठ्यात किंवा जिन्याखाली एखादी जुनी गाडी दिसेल. आधी फोटो काढा, घरच्यांना तिची गोष्ट विचारा. सँडपेपर हॉस्टेलवरच राहू द्या.