कंटेनर आपोआप अपडेट करताना: अनुभवाचे बोल

१. रीस्टार्ट केलं म्हणून कंटेनर नवा होत नाही. ज्या इमेजवरून तो उभा राहिला, तिलाच तो धरून बसतो. नवी इमेज ओढायची, जुना कंटेनर काढायचा आणि त्याच सेटिंगवर दुसरा उभा करायचा, एवढंच वॉचटॉवर आपल्यासाठी करतो. वेगळं सांगितलं नाही, तर दर २४ तासांनी.

२. डेटाबेस वॉचटॉवरच्या ताब्यात देऊ नका. पोस्टग्रेसमध्ये १६.१ वरून १६.४ वर जाताना फायलींची मांडणी बदलत नाही. १६ वरून १७ वर मात्र बदलते. जुनी डेटा डिरेक्टरी समोर आली की नवा सर्व्हर सुरूच होत नाही. आधी डंप काढून नव्यात भरा, नाहीतर पीजी-अपग्रेड चालवा. कंपोज फाइलमध्ये टॅग ‘लेटेस्ट’ असेल, तर ही उडी तुम्ही झोपेत असताना मारली जाते. मी नेहमी ‘पोस्टग्रेस:१६’ असाच टॅग लिहितो. दुरुस्त्या येत राहतात, आवृत्ती कधी बदलायची ते मी ठरवतो. नेक्स्टक्लाउड तर याहून हट्टी. त्याची एकही मोठी आवृत्ती गाळून पुढे जाता येत नाही. शिवाय इमेज मागे नेता येते, बदललेली टेबलं नाहीत. तेव्हा अपडेटच्या आधी बॅकअप हवाच, आणि तो एकदा तरी उतरवून पाहिलेला हवा.

३. डॉकरचं सॉकेट ज्याच्या हाती, तो त्या सर्व्हरचा रूट. अपडेट करणाऱ्या कंटेनरला आपण नेमकं तेच देतो. कुठली तरी अनोळखी इमेज या कामाला लावू नये.

४. जुन्या इमेज आपोआप जात नाहीत. वॉचटॉवरचं ‘क्लीनअप’ चालू करा, नाहीतर डिस्क भरते.

५. ‘चालतंय ना, मग हात कशाला लावा?’ हेही खरं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतलं भोक उघडं पडलं आणि त्याच महिन्यात एकामागून एक दुरुस्त्या आल्या. इमेजच्या आत बसलेली लायब्ररी यजमान सर्व्हरवर कितीही अपडेट चालवले तरी तशीच राहते. इमेजच बदलावी लागते.

६. डॅशबोर्ड, फीड रीडर असलं किरकोळ सामान मी बिनधास्त आपोआप अपडेटवर सोडतो. बाकीच्यांसाठी नवी इमेज आली की डायुन फक्त कळवतो, आणि कामाच्या रेपोत रेनोव्हेट पुल रिक्वेस्ट उघडतो. चेंजलॉग वाचून मगच मर्ज. वॉचटॉवर घरगुती सर्व्हरसाठी आहे, व्यावसायिक किंवा प्रॉडक्शनच्या वापरासाठी आम्ही तो सुचवत नाही, असं त्याच्या कर्त्यांनीच लिहून ठेवलंय. निदान त्यांचं तरी ऐका.