बोटीचे इंजिन जमिनीवर कसे तपासावे

अहिल्यानगर जिल्हा अवर्षणाचा म्हणून ओळखला जात असला, तरी पुराचे भय त्यास नाही असे नाही. उत्तरेस कोपरगावपासून शेवगावपर्यंत गोदावरी, मधून प्रवरा व मुळा, आणि दक्षिणेस श्रीगोंदे व कर्जत तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. ऑगस्ट २०१९ मधील गोदावरीचा पूर काठच्या गावांच्या स्मरणात आहे. अशा प्रसंगी बचावाच्या बोटीचे, आणि एरवी मुळा धरणाच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्या होडीचे इंजिन पहिल्या ओढीला सुरू झाले पाहिजे. म्हणून मृग नक्षत्रापूर्वीच ते तपासून ठेवणे अगत्याचे आहे.

परंतु ही तपासणी पुष्कळदा चुकीच्या रीतीने होते. इंजिन फळीस अडकवून कोरडेच चालविले जाते व “चालते” असा शेरा नोंदवहीत पडतो. प्रत्यक्षात त्या तपासणीनेच इंजिन निकामी होण्याचा संभव असतो.

कोरडे का चालवू नये?

विहिरीवरील पाण्याने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनास पाणी बंद झाल्यास काय होते, हे शेतकरी बंधूंस ठाऊकच आहे. बोटीच्या बहुतेक इंजिनांचेही तसेच आहे. त्यांच्या पाण्यात बुडणाऱ्या भागात रबरी पात्यांचे एक लहान चक्र असते. ते नदीचे पाणी ओढून इंजिनाभोवती फिरविते. या रबरास वंगण पाण्याचेच. पाणी नसता ते घर्षणाने काही सेकंदांतच जळू लागते. इंजिन मात्र चालूच राहते, त्यामुळे नुकसान ध्यानात येत नाही. पुढे भर प्रवाहात पाणी न मिळाल्याने इंजिन तापते व बंद पडते.

तपासणीची रीत

१. जागा मोकळी असावी. बंद खोलीत धुरातील विषारी वायूने जीव जाऊ शकतो.

२. जाड फळीचा भक्कम घोडा करून त्यावर इंजिन उभे बसवावे व पकडीचे स्क्रू घट्ट आवळावेत.

३. प्लगची वायर काढून ठेवावी, मगच पंखा उतरवावा. त्यानंतर वायर पुन्हा जोडावी.

४. इंजिनाचा खालचा भाग सुमारे २०० लिटरच्या पिंपात सोडावा. पंख्याच्या वरील आडव्या पट्टीच्या चार ते सहा इंच वर स्वच्छ पाणी असावे.

५. गेल्या वर्षीचे पेट्रोल वापरू नये. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने ते हवेतील ओल शोषते. ताजे पेट्रोल घ्यावे. दोन-स्ट्रोक इंजिनात तेलाचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे.

६. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन सुरू करावे व मंद गतीनेच चालवावे. पंख्याचा भार नसता वेग वाढविल्यास यंत्रास इजा होते.

७. इंजिनातून पाण्याची बारीक धार बाहेर पडते किंवा नाही ते पाहावे. अर्ध्या मिनिटात धार न दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. छिद्रात गाळ असल्यास तारेने काढावा. तरीही धार न आल्यास रबरी चक्र बदलून घ्यावे.

८. धार व्यवस्थित असल्यास पाच ते दहा मिनिटे चालवावे. पिंपातील पाणी गरम झाल्यास आधीच थांबावे. चालकाच्या मनगटास बांधावयाची सुरक्षादोरी ओढून इंजिन बंद पडते, हेही पाहावे.

काही इंजिनांना नळीचे पाणी देण्यासाठी रबरी वाट्यांचे साधन मिळते. ते वापरताना आधी पाणी सोडावे, मग इंजिन सुरू करावे. बंद करताना आधी इंजिन, मग पाणी. हा क्रम चुकवू नये.

तपासणीनंतर

गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजावे व दुरुस्ती करून घ्यावी. पंखा बसवून त्याची पिन तपासावी. पुराच्या गढूळ पाण्यातून परतल्यावरही याच रीतीने स्वच्छ पाण्यात इंजिन चालवावे, म्हणजे गाळ आत साचत नाही. इंजिन नेहमी उभेच ठेवावे.

नोंदवहीत केवळ “चालते” असे न लिहिता तारीख, पाण्याची धार, तेलाची स्थिती व तपासणाऱ्याचे नाव लिहावे. पिंपभर पाणी आणि अर्धा तास एवढाच या कामाचा खर्च आहे. तो वाचविला, तर त्याची भरपाई पुरात अडकलेल्या माणसांना करावी लागेल, हे प्रत्येक कार्यकर्त्याने ध्यानी ठेवावे.