माका

पावसाळा सरत आला की भाताच्या खाचरांच्या बांधावर, पाटाच्या कडेला आणि ओढ्याकाठच्या चिखलात एक खरखरीत रोपटे दिसू लागते. उंची जेमतेम हातभर, खोड तांबूस, पाने समोरासमोर आणि त्यांच्या बेचक्यात लहान पांढरी फुले. हाच माका. संस्कृतात तो भृंगराज झाला. हिंदीत त्याला भांगरा, गुजरातीत भांगरो, तमिळमध्ये करिसलांकण्णी, तर मल्याळममध्ये कय्योन्नी म्हणतात. इंग्रजीत मात्र तो 'फॉल्स डेझी', म्हणजे खोटी डेझी ठरला. हे नाव थोडे अन्यायाचेच आहे, कारण माका खरोखरच डेझीच्या, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातला आहे.

त्याचे फूल भिंगातून पाहावे. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो अनेक फुलांचा गुच्छ असतो. त्याला स्तबक म्हणतात. कडेची बारीक, पाकळीसारखी दिसणारी ती किरणपुष्पके आणि मधली दाटीवाटीने बसलेली ती बिंबपुष्पके. शेवंती, झेंडू, सूर्यफूल या सर्वांची रचना अशीच असते. पांढरी फुले गळली की मागे हिरवी, चपटी चकती उरते आणि तीत बिया भरतात. या बियांना वाऱ्यावर तरंगण्यासाठी केसांचा झुपका नसतो. त्या चिखलाबरोबर व वाहत्या पाण्याबरोबर पसरतात. माका ओलीच्या आश्रयाने का वाढतो, हे यावरून लक्षात येईल.

मग जे रानात फुकट उगवते ते मुद्दाम का लावावे? केसांच्या तेलासाठी माका घरोघरी खुडला जातो. पण गावाजवळ तो बहुधा गटाराकाठी सापडतो. सांडपाण्यातील घाण व शिसे, कॅडमियम यांसारखे घातक धातू अशा झाडांत उतरू शकतात. दुसरा धोका ओळखीचा. पिवळ्या फुलांचा 'पिवळा माका' ही निराळी वनस्पती आहे. लांब दांड्यावर एकच फूल धरणारी एकदांडीही पुष्कळदा माका म्हणून उपटली जाते. खऱ्या माक्याची खूण सोपी आहे : कोवळे खोड व पाने बोटांत चुरडली की निघणारा रस थोड्याच वेळात काळपट होतो.

लागवडीत नवशिक्यांची चूक एकाच ठिकाणी होते. मेथी-कोथिंबिरीच्या सवयीने ते बी मातीत पुरतात आणि महिनाभर वाट पाहतात. माक्याच्या बियांना उगवण्यासाठी प्रकाश लागतो. अर्धा सेंटिमीटर माती वर आली तरी रोप बाहेर पडत नाही. म्हणून वाफ्यातील किंवा कुंडीतील मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळून ती सपाट करावी, भिजवावी, बारीक वाळूत मिसळलेले बी वर भुरभुरावे आणि तळहाताने हलकेच दाबावे. वर माती टाकू नये. पाणी झारीनेच द्यावे, नाहीतर बी वाहून एका कोपऱ्यात जमते. उबदार हवेत साधारण आठवड्याभरात कोंब दिसतात. रोपे चार-सहा पानांची झाली की वीतभर अंतरावर लावावीत.

बी न मिळाल्यास खोडाचा बोटभर लांबीचा, दोन-तीन पेरांचा तुकडा ओल्या मातीत खोचावा. जमिनीला टेकलेल्या पेरांना मुळे फुटणे हा माक्याचा स्वभावच आहे. त्याला ऊन हवे. थोडी सावली चालते. कोरडी माती मात्र चालत नाही.

फुलोरा सुरू होताच रोपे मुळापासून न उपटता, जमिनीपासून चार बोटे सोडून कापावीत. ती पुन्हा फुटतात. पाने धुऊन सावलीत वाळवावीत. तेलासाठी ताजा रस तिळाच्या किंवा खोबरेल तेलात घालून, पाण्याचा अंश आटेपर्यंत मंद आचेवर उकळतात. पोटात घेण्यासाठी मात्र वैद्याचा सल्ला हवाच.

जवळ भाताचे शेत असेल तर चकत्या पिकण्यापूर्वीच खुडाव्यात. परसातली ही औषधी भातशेतीत चिवट तण ठरते आणि मग निंदणीचा खर्च शेजाऱ्याला सोसावा लागतो.

पाठगत प्रश्न
१. माक्याचे बी मातीत पुरू नये, असे का म्हटले आहे?
२. तुमच्या भागात माक्याला काय म्हणतात? ते नाव कशावरून पडले असावे?